आठ नग, बैठकीवर बांधलेले

सोमवार, ७ एप्रिल

आजपासून मी रवानगी विभागाची प्रमुख. वाक्य लिहून दोनदा वाचलं, तरी ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं वाटतंय.

सोळा वर्षं मी या कारखान्यात बिलं टाइप केली. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ, आणि कुणाचं काही अडलंच तर "बिलवाल्या बाईंना विचारा" एवढीच माझी ओळख. कारखाना लोखंडी आणि पोलादी रोलर करतो, कागदाच्या आणि पत्र्याच्या गिरण्यांसाठी. एकेक रोलर दोन-दोन टनांचा. तो फाटकाबाहेर कसा पडतो हे मी आजवर फक्त कागदावर पाहिलं.

आबा सत्तावीस वर्षं रवानगी सांभाळत होते. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते अचानक नोकरी सोडून गेले. साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, मला आत बोलावलं. "ताई, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. आणि तुम्ही उगाच फाटे फोडत नाही. असंच माणूस तिथे हवं." मग माझ्या नावाचा रबरी शिक्का माझ्यापुढे सरकवला. कोरा करकरीत. खोक्यात शिक्केवाल्याची चिठ्ठी होती, २० मार्चची. आबांचा राजीनामा २८ मार्चचा, तो मीच टाइप केला होता. साहेब किती आधीपासून विचार करून ठेवतात.

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, तू लिफ्टमध्ये एकटी जात नाहीस आणि तुला क्रेनवाल्या विभागाचं प्रमुख केलंय?" अकरा वर्षांची आहे, पण बोलते माझ्या भावासारखी. तो मला लहानपणापासून भागूबाईच म्हणतो. भित्री भागूबाई. खोटं नाही. गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुकरची शिटी व्हायच्या बेतात आली की दुसऱ्या खोलीत जाते.

हे काही बोलले नाहीत. बसडेपोत वेळ लिहायच्या टेबलावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे मोजकंच बोलतात. "चष्म्याचा नंबर तपासून घे," एवढंच म्हणाले.

बुधवार, ९ एप्रिल

दोन दिवस दरपुस्तक वाचतेय. मालवाहतुकीत कुठला माल कुठल्या वर्गात जातो ते यात असतं. 'रोलर' या एका शब्दाखाली इतकी गर्दी: रंग लावायचे, कपडे पिळायचे, रस्त्यावर फिरवायचे. आमचे शेवटी, 'लोखंडी किंवा पोलादी, यंत्राचे'. त्यांचे पुन्हा तीन पोटवर्ग. सुटे. पाचरी लावलेले. बैठकीवर बांधलेले.

फरक मी आता समजून घेतला. पाचर म्हणजे रोलरच्या पोटाखाली दोन्हीकडून ठोकलेला लाकडाचा तिरका तुकडा. बैठक म्हणजे जाड तुळयांचा सांगाडा. रोलरच्या दोन्ही टोकांना ज्या बारीक माना असतात त्या सांगाड्यातल्या गोलाकार खाचांत बसतात, वरून पोलादी पट्टी आवळतात, आणि सगळं गाडीच्या तळाला बोल्टने जखडतात. बैठकीवरचा माल घाटाच्या रस्त्याने नेता येतो. बाकीच्याला घाट बंद, लांबच्या वळशाने जावं लागतं, चार दिवस जास्त.

आणि माल कुठल्या वर्गातला हे कोण ठरवणार? रवानगीप्रमुख. 'प्रत्यक्ष पाहणी करून' असं छापलेल्या कागदावर सही करून. वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

गुरुवार, १० एप्रिल

बांधणीचे मिस्त्री माझ्यावर खार खाऊन आहेत. तीस वर्षं इथे सुतारकी करतात, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. मी यार्डात गेले तर म्हणाले, "बाई, लाकूड बघायला आलात की फिरायला?"

"बघायला," मी म्हटलं.

"मग हात लावून बघा."

मी एका फळीला हात लावला. गार होती. चांगलं आहे की, म्हटलं. ते हसले, पण ते हसणं काही मला आवडलं नाही. बाईमाणूस डोक्यावर बसलेलं खपत नसणार. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, "मिस्त्री जरा तिरसट आहेत. त्यांचं फार मनावर घेऊ नका."

सोमवार, १४ एप्रिल

मोठं काम आलंय. घाटाखालच्या पत्र्याच्या गिरणीला आठ रोलर हवेत, प्रत्येकी एकोणीसशे किलो. त्यांची गिरणी बंद पडून आहे आणि त्यांना शनिवारच्या आत माल हवाय.

मिस्त्री म्हणाले, बैठका करायला सुकं लाकूड नाही, यायला आठवडा लागेल. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "या वेळी पाचरींवर भागवा. गाडीत आडवे ठेवा, एकाला एक लागून. हलायला जागाच कुठे आहे?" मग माझ्याकडे वळून, "ताई, कागदावर 'बैठकीवर बांधलेले' लिहा. नाहीतर घाट मिळणार नाही. पाचर काय, बैठक काय, शेवटी लाकूडच."

मी विचारलं, सही तुमची की माझी?

"तुमचीच हो. तुम्ही प्रमुख आहात आता."

सही केली. तारीख उद्याची घातली, कारण माल उद्या भरायचाय. 'प्रत्यक्ष पाहणी करून' या शब्दांवरून मात्र पेन एकदम पुढे नेलं, गरम तव्यावरून बोट न्यावं तसं.

मंगळवार, १५ एप्रिल

गाडी गेली.

सकाळपासून क्रेन चालली होती. मी भिंतीला पाठ लावून उभी. रोलर हवेत लोंबकळताना यार्डातली सगळी माणसं बोलायची थांबतात, हे मला ठाऊक नव्हतं. मिस्त्री प्रत्येक पाचर ठोकण्याआधी तिच्यावर निळ्या पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. जवळ जाऊन पाहिलं तर 'ओलं', 'ओलं', 'ओलं'. कुठल्या ढिगातलं लाकूड त्याची नोंद असेल. सगळं झाल्यावर उरलेल्या दोन पाचरी त्यांनी फाटकाजवळच्या भंगारातल्या रोलरखाली ठोकल्या, घणाचे घाव घालून, मी बघत असताना. काम संपल्यावरही वेळ काढायची ही तऱ्हा.

ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणतात. माणूस इतका हडकुळा की पट्टा दोनदा गुंडाळावा लागेल. त्याने कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "बाई, हलणार नाही ना? माझी पाठ आहे तिकडे."

मी गाडीकडे पाहिलं. रोलर आडवे, आणि सगळ्यांत पुढच्या रोलरसमोर एक लाकडी फळा, फळ्यापलीकडे त्याची केबिन.

"नाही हलणार," मी म्हटलं.

तो लगेच निघाला. माझ्या शब्दावर.

बुधवार, १६ एप्रिल

काल जेवण गेलं नाही. आज ऑफिस सुटल्यावर आबांकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचले. आबांनी पाणी दिलं, मी आठ रोलरचं सांगितलं.

"लाकूड ओलं की सुकं?"

"मिस्त्रींनी ओलं लिहिलंय."

"आणि कागदावर काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मार्चमध्ये मलाही असाच एक कागद दिला होता," म्हणाले. पुढे बोलणार तेवढ्यात त्यांची बायको आतून म्हणाली, "तुमचं निवृत्तिवेतन अजून त्यांच्या हातात आहे." मग आबा गुडघ्यांबद्दल बोलायला लागले.

मला सोडायला तिन्ही मजले उतरून खाली आले आणि तसेच झपझप वर गेले. औषध लागू पडलेलं दिसतं.

त्यांनी ओलं-सुकं का विचारलं असेल?

गुरुवार, १७ एप्रिल

समजलं.

सकाळी फाटकातून आत येताना भंगारातल्या त्या रोलरशी थांबले. का ते ठाऊक नाही. मंगळवारी घणाने ठोकलेली पाचर हाताने हलवून बघितली. ती सरळ माझ्या हातात आली. दोन दिवसांच्या उन्हाने आकसली होती, अंगावर बारीक भेगा. दुसऱ्या बाजूची पायाने ढकलली, तीही निघाली. आणि तो रोलर, एवढं धूड, कूस बदलावी तसा वीतभर सरकला. आवाज असा काही झाला नाही. मी मागे उडी मारली आणि चपलेचा अंगठा तुटला.

मिस्त्री दाराशी उभे होते. "दिसलं?" म्हणाले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तीन वेळा सांगितलं, बाई. लिहूनही दिलं."

मी साहेबांकडे धावले. त्यांनी बसवलं, चहा मागवला. "ताई, वीस वर्षांत आपला एकही रोलर पडलेला नाही. तुमचा स्वभाव जरा घाबरट आहे, मला ठाऊक आहे. आणि समजा काही झालंच, तरी कागद तुमच्या सहीनिशी नीट आहेत ना? मग कारखान्याला काळजी नाही."

दारापर्यंत येईतो मला बरं वाटत होतं. जिन्यात मात्र ते वाक्य परत आठवलं आणि कठडा धरून उभी राहिले. कारखान्याला काळजी नाही. मग कुणाला?

पैलवानचा फोन लागत नाही. वाहतूक कंपनीतला माणूस म्हणाला, "बाई, गाडी व्यवस्थित आहे, तुमचाच कागद आहे की आमच्याकडे." माझाच कागद माझ्या तोंडावर मारला.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते ताट बाजूला सारून पेन्सिल घेऊन बसले. "पंधरा टन माल. तासाला जेमतेम वीस. रात्री चालवत नसेल तर उद्या दुपारी घाटमाथ्यावर. तिथे सगळे ब्रेक गार करायला थांबतात. मग उतार. बावीस वळणं." थोडं थांबून, "पहाटे पाच-चाळीसची बस दीडला माथ्यावर पोचते."

मी म्हटलं, मी काही जाणार नाही. मी कुठली जातेय. एकटी आजवर माहेरीसुद्धा गेले नाही.

"मी कुठे म्हटलं जा," हे म्हणाले.

शुक्रवार, १८ एप्रिल, घाटमाथा

आले.

पहाटे जायचं नाही असं पक्कं ठरवून उठले, आणि मग डोळ्यांसमोर फक्त पैलवानची पाठ. शर्टाचा मागचा भाग, घामाने चिकटलेला. पिशवी भरताना उशीर झाला. डेपोत पळत पोचले तेव्हा पाच एक्कावन्न झाले होते. नशीब माझं, ती बस कधी नव्हे ती अजून उभी होती. हे कामावर होते, हातात नोंदवही, आणि बसमधली माणसं त्यांच्या नावाने ओरडत होती. बिचाऱ्यांचा चेहरा गोरामोरा झाला होता. उशिराचा ठपका आता त्यांच्यावर येणार.

आठ तास मी खिडकीतून खाली दरीत पडलेला ट्रक शोधत होते. घाट अजून आलाही नव्हता तरी.

माथ्यावर चाळीसेक ट्रक रांगेत होते. मी एकेकाची मागची पाटी वाचत गेले. पाटी सापडली नाही तर गाडी उतरायला लागली, आणि सापडली तर त्याला सांगावं लागणार. एकतिसावी गाडी आमची. पैलवान चाकाशी बसून चहा पीत होता. मला बघून उठला.

"बाई? तुम्ही इथे?"

"पाचरी बघायच्या आहेत."

"कागदावर तर बैठका आहेत."

"बैठका नाहीत," मी म्हटलं. "मी खोटं लिहिलं."

त्याने कप खाली ठेवला. "तुम्हीच म्हणालात हलणार नाही."

"मी बघितलं नव्हतं. मला कुणी विचारलं की मी हो म्हणते, तशी म्हणाले."

तो वर चढला आणि ताडपत्री सोडली. मीही चढले. कशी ते विचारू नये, तिथल्या दोघांनी मला पोत्यासारखं वर ओढलं. पाचरींवर निळ्या अक्षरात 'ओलं' अजून वाचता येत होतं. पैलवानने पाचर आणि रोलरच्या मध्ये हात घातला. पंजा मनगटापर्यंत आत गेला. तीन पाचरी निघून तळाशी पडल्या होत्या. आठही रोलर पुढे सरकले होते, आणि सगळ्यांत पुढचा त्या फळ्याला टेकून होता. फळा पोट आल्यासारखा केबिनकडे फुगला होता. मधोमध उभी चीर.

पैलवानने त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग केबिनच्या मागच्या काचेतून आत पाहिलं. सीटवर त्याची उशी होती, फुलाफुलांच्या अभ्र्याची. तो खाली उतरला आणि रस्त्यातच बसला. मला वाटलं मला शिव्या देईल. तो म्हणाला, "अर्ध्या तासात निघणार होतो."

शनिवार, १९ एप्रिल, घाटाखाली

काल रात्री ड्रायव्हरांच्या खानावळीतल्या बाईंनी स्वतःच्या खोलीत झोपायला जागा दिली. दाराला कडी नव्हती, म्हणून दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर पिशवी, पिशवीवर माझे पाय.

सकाळपासून काम. माथ्यावर लाकडाची वखार आहे. एका जुन्या पुलाच्या तुळया तिथे वर्षानुवर्षं पडून आहेत. मी हात लावून बघितल्या. उन्हात असूनही दगडासारख्या, आणि ठोकल्या की खणखणीत वाजत होत्या. वखारीतला सुतार आणि फोनवर आमचे मिस्त्री. मिस्त्री सांगत, मी कागदावर उतरवून घेई, सुतार कापे. "खाच मानेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी खोल. त्याहून उथळ कापली तर मला फोन करू नका." घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढणारी क्रेन पैलवानच्या ओळखीची निघाली. एकेक रोलर उचलला, बैठक सरकवली, मान खाचेत बसवली, पट्टी आवळली, बोल्ट मारले. आठ वेळा. प्रत्येक वेळी रोलर अधांतरी असताना मी डोळे मिटून घेई, आणि प्रत्येक वेळी सुतार म्हणे, "बाई, डोळे उघडा, माप तुम्हीच बघायचंय."

साहेबांचा फोन सहा वेळा वाजला. उचलायची छाती झाली नाही. माल ठरल्या वेळेत पोचणार नव्हता.

चार वाजता पैलवान म्हणाला, "झालं. आता हलणार नाही ना?"

"नाही."

"मग बसा माझ्याबरोबर. खालपर्यंत."

तो हसत नव्हता. नाही म्हणायची मला भीती वाटली, म्हणून बसले. बावीस वळणं. पाठीमागे पंधरा टन, माझ्या मानेपासून दोन हातांवर. सातव्या वळणावर पुढची बस अचानक थांबली आणि पैलवानने ब्रेक दाबला. मी पुढे फेकली गेले. मागून करकर असा एक आवाज आला, लाकडाचा, आणि थांबला. बस इतकंच. आम्ही दोघंही मागे वळलो नाही. बाराव्या वळणावर तो म्हणाला, "काल असतो तर." मी म्हटलं, कृपा करून पुढे बघून चालवा.

इतकी भित्री बाई मी. खाली उतरल्यावर दहा मिनिटं दगडावर बसून राहिले.

सोमवार, २१ एप्रिल

टेबलावर पत्र तयार होतं. विनापरवानगी माल वाटेत थांबवणे, बाहेरच्या माणसांकडून बांधणी बदलून घेणे, मालाला विलंब. तीन दिवसांत खुलासा द्यावा.

साहेब रागावले नाहीत, आणि तेच जास्त भयंकर वाटलं. गिरणीकडून आलेली पोच त्यांनी माझ्यापुढे ठेवली. खाली शेरा होता: 'आठही नग सुस्थितीत. बांधणी गरजेपेक्षा जास्त भक्कम. उतरवायला तीन तास जादा लागले.'

"बघा," साहेब म्हणाले. "काही झालं का?"

"झालं नाही कारण..."

"ताई, काही झालं का?"

जे झालं नाही ते दाखवणार कुठून? तुळया गिरणीत, पाचरी वखारीच्या चुलीत.

मग ते मऊ आवाजात म्हणाले, "दोन ओळी लिहा. घाबरून हे पाऊल उचललं, चूक झाली. विषय संपला. आणि १५ तारखेचा कागद तसाच राहू दे. आता तर तो खराही झालाय."

मी "बरं" म्हणून उठले. शिक्का त्यांनी ठेवून घेतला. रवानगी तात्पुरती हजेरीच्या कारकुनाकडे.

बुधवार, २३ एप्रिल

दोन ओळी लिहायला दोन दिवस घेतले.

'घाबरून' इथवर येते आणि थांबते. पुढे 'चूक झाली' लिहायचंय. पण चूक कोणती? मला राहून राहून आबांचे गुडघे आठवतात. ते तीन मजले. आज कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आबांनी सही केली नाही, म्हणून आबा घरी. मी सोळा वर्षांत 'नाही' म्हटलं नाही, म्हणून मी खुर्चीवर. मोत्यासारख्या अक्षराचा काही संबंध नव्हता. हे कळलं तेव्हा बिलाच्या टेबलावर सगळ्यांदेखत डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी विचारलं, काय झालं? कांदा, म्हटलं. ऑफिसात कसला कांदा.

ह्यांना विचारलं, खरं लिहिलं तर नोकरी जाईल, काय करू?

"मला उशिरासाठी दोनदा ताकीद मिळालीय," हे म्हणाले, "मेलो नाही." आणि पेपर वाचायला लागले. दुसरी ताकीद कधी मिळाली ते मला बोललेच नाहीत.

गुरुवार, २४ एप्रिल

दिला खुलासा. दोन ओळी नाहीत, दोन पानं. पहिलं वाक्य: '१५ एप्रिलच्या कागदावर मी जे लिहिलं ते सही करताना खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं.' पुढे सगळं, कोण काय म्हणालं त्यासकट. एक प्रत साहेबांना, एक वाहतूक कंपनीला, एक कारखान्याच्या मालकीणबाईंना.

पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकल्यावर हात आत घालून परत काढता येईल का ते बघितलं. येत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

मालकीणबाईंनी बोलावलं. महिन्यातून एकदा येतात, सत्तरीच्या पुढच्या, आवाज अगदी हलका. त्या बोलतात तेव्हा ऐकायला पुढे वाकावं लागतं. साहेब बाजूला बसलेले. माझा कागद टेबलावर.

"खोटं आहे हे ठाऊक असून सही का केलीत?"

"घाबरले होते."

"मग एवढ्या लांब गाडीच्या मागे का गेलात?"

"घाबरले होते."

साहेब हसले. "हेच मी म्हणत होतो."

मालकीणबाई हसल्या नाहीत. "दोन्ही वेळा कशाला?"

"आधी साहेबांना," मी म्हटलं. "नंतर रोलरला."

मालकीणबाईंनी माझा कागद पालथा घातला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता तुम्हाला." खोटं कशाला बोलू.

त्या उठून उभ्या राहिल्या. मग खिडकीकडे हात केला. खाली फाटकाशी एक गाडी निघायच्या तयारीत होती, इंजिन चालू, ताडपत्री ओढलेली. चार रोलर, दुसऱ्या कुठल्या तरी गिरणीचे. "तिच्या कागदावर काय लिहिलंय?"

साहेब म्हणाले, "बैठकीवर बांधलेले. हजेरीच्या कारकुनाने स्वतः पाहणी केलीय."

"चला," मालकीणबाई मला म्हणाल्या. "दाखवा."

आम्ही खाली गेलो. साहेब मागून सांगत होते की धूळ आहे, ऊन आहे, शिडी डुगडुगते. हजेरीचा कारकून सावलीत उभा होता, रंग उडालेला, हाताची घडी इतकी घट्ट की जणू थंडी वाजतेय. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने मान खाली घातली. मिस्त्रींनी शिडी धरली. मालकीणबाई चढल्या, एकेक पायरी थांबत, आणि मी त्यांच्या मागे. त्या पडल्या तर माझ्यावर पडतील म्हणून जीव मुठीत. ताडपत्री मी वर केली.

बैठक नव्हती. पाचरी होत्या, शनिवारी ठोकलेल्या. मालकीणबाईंनी एक पाचर दोन बोटांत धरली आणि ओढली. ती निघाली, किडका दात निघावा तशी, काही जोर न लावता. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग पुढे, केबिनच्या काचेतून ड्रायव्हरची मान दिसत होती, तिकडे पाहिलं. तो रेडिओची कळ फिरवत होता. आम्ही वर आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं.

मला वाटलं त्या साहेबांना काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्या वाकून, आहे त्याच हलक्या आवाजात खाली पहारेकऱ्याला म्हणाल्या, "फाटक लावून घ्या."

त्याला ऐकू गेलं नाही. इंजिन चालू होतं.

मग मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नसेन. ड्रायव्हरने दचकून मागे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.